कार्तिकातला डोंगर, खालचे पाणी : वाचकांचे प्रश्न

तुळशीचे लग्न लागले, सुगी आवरत आली की आमच्या टपालात डोंगराचे प्रश्न वाढतात. या खेपेला बहुतेकांचे मागणे सारखेच आहे: सकाळी निघून दुपारच्या जेवणाला घरी पोचता यावे, डोंगर छातीवर येणारा नसावा, आणि वरून पाणी दिसावे. मिळतेजुळते प्रश्न एकत्र करून उत्तरे देत आहोत.

टिळकवाडी, बेळगाव : राजहंसगड दोन-तीनदा झाला. आता खाली मोठे पाणी पसरलेले दिसेल असा डोंगर सुचवा. आम्ही चौघे, त्यांत एक नववीतला मुलगा. रविवारी दोन-अडीचपर्यंत परत यायचे आहे.

सौंदत्तीला जा. यल्लम्माचा डोंगर बहुतेकांनी ओटी भरायला जाताना पाहिलेला असतो. त्याच डोंगराच्या पश्चिम कडेवरून रेणुकासागर हा मलप्रभेचा जलाशय दिसतो, हे मात्र दर्शन घेऊन गाडीत बसणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. मलप्रभा खानापूर तालुक्यात कणकुंबीला उगम पावते आणि नविलतीर्थाच्या घळीत तिला धरणाने अडवले आहे. पाऊस पडतो तिकडे घाटमाथ्यावर, साठतो इकडे कोरड्या मुलखात. म्हणून आजूबाजूचे माळ पिवळे पडू लागतात तेव्हा जलाशय सहसा वर्षातल्या सर्वांत भरल्या अवस्थेत असतो, आणि पिवळ्या माळात निळे पाणी हा देखावा याच दिवसांचा. रब्बीसाठी कालव्यांना पाणी सुटले की काठ मागे सरकू लागतो.

जायच्या आदल्या दिवशी वर्तमानपत्रातली धरणाची पातळी पाहा. पूर्ण भरलेल्या जलाशयाची पातळी समुद्रसपाटीपासून २०७९.५० फूट, म्हणजे ६३४ मीटरला थोडी कमी. आकडा याच्या चार-पाच फुटांत असेल तर पाणी भरगच्च दिसेल. जलाशय उथळ आणि पसरट असल्याने त्याहून खाली पातळी गेली की मध्ये चिखलाचा राखाडी पट्टा येतो. पाऊस कमी झाला त्या वर्षी हे धरण भरत नाही, तेव्हा आकडा न पाहता निघू नका.

बेळगावहून सौंदत्ती ८० किलोमीटरच्या आसपास आहे. सांबरा-नेसरगी-यरगट्टीमार्गे किंवा बैलहोंगलमार्गे गेलात तरी गाडीने दोन तास धरा. बसनेही जाता येते. घरातल्या बायकांकडे कर्नाटकातल्या पत्त्याचे आधार कार्ड असेल तर राज्याच्या साध्या बसमध्ये शक्ती योजनेखाली त्यांचे तिकीट शून्य रुपयांचे. बसने जाणार असाल तर परतीची बस आदल्या दिवशीच विचारून ठेवा आणि खालचे वेळापत्रक तासभर पुढे सरकवा.

६ वाजता बेळगाव सोडायचे. ८ ला सौंदत्ती, चहा, सव्वाआठला चालायला सुरुवात. गावापासून डोंगरावरच्या देवळापर्यंत रस्त्याने साधारण ५ किलोमीटर. हिशेब असा: सपाटीवर तासाला ४ किलोमीटर, म्हणजे ५ किलोमीटरला ७५ मिनिटे. त्यावर दर १०० मीटर चढाला १० मिनिटे वाढवायची. इथला चढ २०० मीटरच्या आतला आहे, म्हणून फार तर २० मिनिटे वाढतील. १० मिनिटांचा एक दम धरला तरी दहाच्या सुमारास तुम्ही वर असाल. पावणेअकराला परत फिरायचे, वर कितीही चांगले वाटत असले तरी. उतरायला सव्वा तास, बाराला गाडी, सव्वादोनला घर. ही पावणेअकराची वेळ निघण्याआधीच चौघांनी एकमेकांना सांगून ठरवावी. वर गेल्यावर ठरवू म्हटले की ती कधीच ठरत नाही, कारण नववीतल्या मुलाला अजून पुढे जायचे असते आणि मोठ्यांना अजून बसायचे असते.

गाडीरस्ता देवळापर्यंत जातो. ज्यांना चालायचे नाही ते गाडीने जाऊन वरच्या सपाटीवर फिरू शकतात. चालणाऱ्यांनी रस्त्याची उजवी बाजू धरावी, म्हणजे समोरून येणारी वाहने दिसतात. वळणावर आतल्या बाजूने मात्र जाऊ नये. पाणी बघण्यासाठी देवळाच्या आवारात घुटमळू नका. देऊळ डोंगराच्या खोलगट भागात आहे. सौंदत्ती गाव दिसेल त्या पश्चिमेच्या कडेला या.

दिवस निवडताना मंगळवार, शुक्रवार आणि पौर्णिमा टाळा. ते देवीचे वार आहेत. मार्गशीर्ष पौर्णिमेच्या यात्रेत तर डोंगरावर फिरणे बाजूलाच, पाय ठेवायला जागा शोधावी लागते. यात्रेलाच जायचे असेल तर जोगनभावीत स्नान करून जे दर्शनाला चढतात त्यांच्याबरोबर चढा. तो वेगळा प्रवास आहे, त्यात तळे बघायचे ठेवू नका.

गावाच्या दक्षिणेला याच डोंगररांगेत परसगडाचे अवशेष आहेत. सौंदत्ती तालुक्याला पूर्वी परसगड तालुका म्हणत, ते यावरून. बेळगावला वेणुग्राम म्हणत त्या काळी रट्ट राजांनी आपली राजधानी सौंदत्तीहूनच तिकडे हलवली होती. पण पहिल्या खेपेला गड आणि देवळाचा डोंगर दोन्ही एका सकाळीत बसवू नका. बसत नाहीत.

शहापूर, बेळगाव : "लवकर निघा" म्हणून सगळे सांगतात. आम्ही पहाटे निघून सातला एका डोंगराच्या माथ्यावर होतो. तळ्याच्या जागी नुसता कापूस. साडेआठपर्यंत वाट पाहून उतरलो. धुकेच नशिबी का?

तासभर थांबला असता तर दिसले असते. कार्तिकात आभाळ मोकळे असते. रात्री जमीन उष्णता सोडून गार होते आणि गार हवा जड असल्याने उतारावरून घरंगळत खोलगट भागात, म्हणजे नेमकी तळ्यावर, साचते. तळ्याचे पाणी त्या हवेपेक्षा उबदार असते. त्यातून उठलेली वाफ गार हवेत लगेच थिजते, आणि वरच्या उबदार हवेचे झाकण असल्यामुळे धुके वर सुटत नाही. सूर्य जमीन तापवील तेव्हाच हे झाकण उघडते. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आपल्याकडे सूर्य ६.४० च्या सुमारास उगवतो. धुके फाटायला त्यानंतर दोन तास, कधी अडीच तास लागतात. तेव्हा ज्याला पाणी बघायचे आहे त्याने माथ्यावर नऊ ते साडेदहा या वेळात असावे. "लवकर निघा" हा सल्ला उन्हाळ्याचा आहे, चढताना ऊन लागू नये म्हणून. कार्तिकातल्या तळ्याला तो जसाच्या तसा लावून उपयोग नाही.

उलट साडेअकरानंतर गेलात तरी गंमत जाते. दुपारची हवा धुळीने गढूळ होते. उसाचा पाला पेटवायला सुरुवात झाली असेल तर अधिकच. शिवाय तळे कोणत्या दिशेला आहे ते पाहा. या दिवसांत सूर्य पूर्वेला नाही तर बराच आग्नेयेकडे उगवतो आणि नैऋत्येकडे मावळतो. सकाळी नऊला तो क्षितिजावर सुमारे ३० अंश चढलेला असतो. तळे तुमच्या पश्चिमेला असेल (सौंदत्तीला तसेच आहे), तर सकाळी ऊन पाठीवर आणि पाणी निळे. तेच पाणी दुपारी चारला पाहाल तर पत्र्यासारखे चकाकते आणि डोळे मिटावे लागतात. तळे पूर्वेला असणाऱ्या डोंगरावर हिशेब उलटा होतो. तिथे दुपारी तीननंतर जावे, पण मग उतरताना अंधार होणार हे धरून.

धुके पडलेच नाही तर? आदल्या रात्री वारा असेल किंवा ढग असतील तर पडत नाही. रात्री अंगणातल्या तुळशीची पाने हलत असतील तर सकाळी तळे मोकळे, इतका ढोबळ अंदाज बांधता येतो.

खानापूर : नकाशात तलाव डोंगराच्या अगदी पायथ्याशी दिसतो. वर गेल्यावर मात्र जेमतेम एक चंदेरी रेघ दिसली. नकाशा चुकीचा की डोंगर?

दोन्ही बरोबर. कोन कमी पडला.

समजा तुम्ही पाण्यापेक्षा १५० मीटर उंच आहात. अलीकडचा काठ ३ किलोमीटरवर आहे आणि तळे १ किलोमीटर रुंद आहे. तर तो एक किलोमीटर रुंदीचा जलाशय तुमच्या डोळ्यांना उभ्या दिशेने फक्त ०.७ अंश दिसतो. पौर्णिमेचा चंद्र अर्ध्या अंशाचा असतो. म्हणजे चंद्राच्या दीडपट जाडीची पट्टी, बस. ताणलेल्या हाताची करंगळी एक अंश झाकते. त्या करंगळीआड तुमचे तळे लपले.

आता दोन उपाय. पहिला, दुप्पट उंचीवर जाणे: ३०० मीटरवर पट्टी १.४ अंश होते. दुसरा, उंची तीच ठेवून पाण्याच्या जवळ येणे: अलीकडचा काठ दीड किलोमीटरवर आला तर पट्टी २.३ अंश, म्हणजे तिपटीहून अधिक. दुसरा उपाय स्वस्त आहे. डोंगराचा सर्वांत उंच ठिपका, जिथे देऊळ, टॉवर किंवा झेंडा असतो, तो बहुधा सपाटीच्या मधोमध असतो आणि सपाटीची कड पुढचे सगळे झाकते. पंधरा-वीस मीटर उंची गमावून तळ्याच्या बाजूच्या सोंडेवर पाचशे मीटर पुढे या. काठापासून अंतर कमी होते आणि मधला माळ बाजूला सरतो. आमच्याकडे येणाऱ्या "काही दिसले नाही" या तक्रारींत धुके वगळले तर बहुतेकांचे कारण हेच असते: लोक माथ्यावर पोचतात आणि तिथेच डबा उघडतात.

निघण्याआधी कागदावर तपासायचे असेल तर भारतीय सर्वेक्षण विभागाचा १:५०,००० प्रमाणाचा नकाशा घ्या. त्यात १ सेंटिमीटर म्हणजे ५०० मीटर, आणि दोन समोच्च (सारख्या उंचीच्या) रेषांत उंचीचा फरक २० मीटर. डोंगरापासून तळ्यापर्यंत पट्टी ठेवून मधल्या रेषांचे आकडे वाचा. मध्येच आकडा वाढला तर तिथे उंचवटा आहे आणि तो पाणी झाकणार. रेषा जिथे एकमेकींना खेटून आहेत तिथे कडा. तिकडून उतरायचा विचार सोडा.

नावावरून मात्र तळे शोधू नका. कन्नडमध्ये केरे म्हणजे तळे आणि आपल्या भागात बेक्किनकेरेसारखी गावे आहेत, पण नावात केरे आहे म्हणून आज वरून पाणी दिसेल असे नाही.

निपाणी : डोंगरावरून आलो की मोज्यांत कुसळे. धुतली तरी निघत नाहीत, पुन्हा घातले की टोचतात. उपाय?

धुतल्यामुळेच निघत नाहीत. कुसळीच्या बीला टोकाशी उलट्या केसांचा अणकुचीदार दात असतो आणि मागे लांब शेपटी. ही शेपटी ओली झाली की पीळ सुटतो, वाळली की पुन्हा पीळ भरतो. बी जमिनीत घुसावे म्हणून निसर्गाने केलेला हा गिरमिट आहे. मोजा त्याला जमिनीसारखाच. सकाळच्या दहिवराने एकदा, बादलीत दुसऱ्यांदा, वाळत घातल्यावर तिसऱ्यांदा, असे ते बी आत आत जाते. म्हणून मोजे कोरडे असतानाच, डोंगराखाली गाडीत बसण्याआधी काढा. शेपटी धरून मागे ओढू नका, तुटते आणि टोक आत राहते. मोजा उलटा करा, टोक ज्या बाजूला बाहेर आले आहे त्याच बाजूने पुढे ओढून काढा.

पण मुळात लागूच नयेत यासाठी विणीचे जाड मोजे उघडे ठेवू नका. जुन्या विंडचीटरचे किंवा छत्रीचे गुळगुळीत कापड घ्या. प्रत्येक पायाला ४२ सेंटिमीटर लांब आणि २४ सेंटिमीटर रुंद तुकडा, रुंदीत वर-खाली शिवण धरून. लांबीची टोके जोडून नळी करा. वरच्या काठात ३० सेंटिमीटरचे आणि खालच्या काठात २४ सेंटिमीटरचे इलॅस्टिक ओवा. पुढे मध्यभागी एक छोटा आकडा टाचून तो बुटाच्या नाडीत अडकवा. आकडा विसरलात तर नळी चालता चालता वर सरकते आणि नेमका घोटा उघडा पडतो. पोटरी ३८ सेंटिमीटरहून जाड असेल तर कापड तेवढे वाढवा. दर्जी अर्ध्या तासात शिवून देतो.

गवताबद्दल आणखी एक गोष्ट, तुम्ही विचारली नसली तरी. कार्तिकात वाळलेले गवत उताराच्या दिशेने आडवे पडते आणि त्याच्या काड्या मेणासारख्या गुळगुळीत असतात. चढताना कळत नाही. उतरताना त्यावर सरळ पाऊल टाकले की घसरगुंडी. पाऊल उताराला आडवे ठेवा, आणि काड्यांवर नाही तर गवताच्या बुंध्यावर टेकवा. बुंधा धरतो, काडी धरत नाही. याच गवतात पायवाटा बुजतात. गुरांच्या वाटा मात्र ठळक दिसतात. त्या डोंगराला आडव्या जातात, वर किंवा खाली कुठेच पोचवत नाहीत. दहा मिनिटे चाललात आणि उंची बदलली नाही तर तुम्ही गुरवाटेवर आहात. मागे फिरा.

आणि विडी-काडी नको. एवढ्या वाळल्या गवतात वणवा लागायला ठिणगीच पुरते, आणि आग चढावर माणसापेक्षा जोरात पळते.

संकेश्वर : हिडकल धरणाच्या पाण्यातले हुन्नूरचे विठ्ठल मंदिर या दिवसांत डोंगरावरून दिसेल का?

नाही. या दिवसांत ते पाण्याखाली असते. घटप्रभेवरच्या या धरणाचे पाणी उतरल्यावर, उन्हाळ्यात जा.

बैलहोंगल : आईचे वय ६४. गुडघे कुरकुरतात, पण तिला डोंगरावर यायचेच आहे. न्यावे का?

न्या, पण चढायला. उतरायला गाडी ठेवा. गुडघ्याला चढ त्रास देत नाही तितका उतार देतो, कारण उतरताना प्रत्येक पावलाला शरीराचा भार वाकलेल्या गुडघ्यावर अडवून धरावा लागतो. म्हणून वरपर्यंत रस्ता असलेला डोंगर निवडा. सौंदत्ती किंवा राजहंसगड, दोन्हीकडे गाडी वर जाते. आई आणि एक सोबती हळूहळू चढतील, गाडी मागाहून येईल.

काठी द्या, पण मापाची. उभे राहून काठी धरल्यावर कोपर काटकोनात यावे. वेग असा असावा की आईला चालता चालता पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. बोलताना धाप लागून वाक्य तुटले की थांबा. दर वीस मिनिटांनी पाच मिनिटे, बसून नाही तर टेकून. बसल्यावर उठताना पुन्हा गुडघाच लागतो. पायऱ्या असतील तर कडेची कच्ची वाट बरी, कारण तिथे पावलाची उंची आपल्या हातात असते. रक्तदाबाची किंवा साखरेची गोळी चालू असेल तर ती सकाळी कधी घ्यायची हे डॉक्टरांना विचारून ठेवा, आणि उपाशी चढू नका. छातीत दडपण, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ आली तर "थोडे बसून बघू" नाही. लगेच १०८.

वडगाव, बेळगाव : पाणी किती न्यावे? जलाशय जवळ असताना ओझे कशाला?

माणशी दीड लिटर, ऊन कडक वाटले तर दोन. पहाटे १५-१७ अंश असतात म्हणून तहान लागत नाही, आणि अकराला २८ अंशांत ती एकदम लागते. अर्धे पाणी वर पोचेपर्यंत संपलेले असावे. भरलेल्या बाटल्या परत आणणारेच संध्याकाळी डोके धरून बसतात.

जलाशयाचे पाणी तसेच पिऊ नका. काठच्या शेतांतली खते आणि औषधे त्यात उतरतात. अगदी वेळ आली तर फडक्यातून गाळून पूर्ण उकळू द्या, किंवा क्लोरीनची गोळी टाकून अर्धा तास थांबा. रसायने मात्र यानेही जात नाहीत. झऱ्यांवर भिस्त ठेवू नका. खानापूरच्या पश्चिमेला कार्तिकात झरे वाहतात, पण सौंदत्तीकडे तोवर आटलेले असतात. दुसऱ्या बाजूने सांगायचे तर जलाशय आपल्या कुणाच्या तरी नळाला लागलेले आहेत. बेळगावला राकसकोपचे आणि हिडकलचे पाणी येते, हुबळी-धारवाडला मलप्रभेचे. साबण, कपडे, गाडी धुणे, निर्माल्य: काठावर यातले काही नको.

घामाने थकवा आला तर एक लिटर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा. मीठ अंदाजाने टाकू नका, जास्त झाले तर तहान वाढते. खायला भाकरी, शेंगदाण्याची चटणी, गूळ. गोड कुंदा डोंगराखाली उतरल्यावर खावा. वर खाल्ला तर पाण्याचा हिशेब बिघडतो.

गोकाक : कडेकपारीत आग्या मोहोळ असते. शिवाय सापांची भीती. काय खबरदारी घ्यावी?

मोहोळ दिसले तर त्याच्या खालून किंवा वारा तुमच्याकडून त्याच्याकडे वाहत असेल अशा बाजूने जाऊ नका. अत्तर, धूर, दगड आणि आरडाओरडा या चार गोष्टींनी माशा उठतात. एखादी अंगाभोवती घिरट्या घालू लागली की ती पहारेकरी असते. हात न उडवता शांतपणे आलात त्या वाटेने मागे या. झुंड उठलीच तर तोंड-नाक कापडाने झाका आणि पळा. झुडपांतून पळालात तर माशा विखुरतात. कडेच्या दिशेने पळू नका, अशा वेळी माणूस माशांपेक्षा कड्याने मरतो. नांग्या नखाने किंवा कार्डाच्या कडेने लगेच खरवडून काढा, आत राहिल्या तितका वेळ विष झिरपते. श्वास लागला, ओठ सुजले, किंवा दंश दहा-पंधराच्या वर असतील तर रुग्णालय गाठा.

सापांपैकी कोरड्या, दगडाळ डोंगरावर लक्षात ठेवायचे ते फुरसे. वीतभर ते हातभर, दगडाखाली किंवा गवताच्या मुळाशी बसलेले. सकाळच्या गारठ्यात उन्हाला येते. न बघता दगड उचलू नका, कपारीत हात घालू नका, बसण्याआधी काठीने जागा चाळवा. चावलेच तर पट्टी आवळू नका, चिरू नका, चोखू नका. अंगठी, कडे, घड्याळ काढा, हात किंवा पाय काठी बांधून स्थिर करा, माणसाला चालवत न आणता उचलून खाली आणा आणि सरकारी रुग्णालयात न्या. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही जातींवर चालणारे एकच प्रतिविष आहे, त्यामुळे साप मारून बरोबर नेण्याची गरज नाही.

खानापूर : आमच्याकडच्या सड्यांवर आणि सौंदत्तीच्या खडकावर एकच बूट चालतील का?

चालतील, तळव्याच्या खाचा चारेक मिलिमीटर खोल असतील तर. फरक खडकाचा आहे. सौंदत्ती-नविलतीर्थाचा खडक गारगोटीच्या जातीचा कठीण वालुकाश्म. कोरडा असताना बूट त्यावर घट्ट धरतो, धोका असतो तो त्यावर पसरलेल्या बारीक खड्यांचा. ते छऱ्यांसारखे पायाखाली फिरतात. तुमच्याकडे जांभा. त्याच्या खळग्यांत पावसाळ्यातले शेवाळ वाळून काळे होते आणि दहिवर पडले की पुन्हा निसरडे. म्हणून जांभ्याच्या सड्यावर काळ्या डागावर पाय ठेवू नका, तांबड्यावर ठेवा. नवे बूट त्या दिवशी पहिल्यांदा घालू नका. आधी आठवडाभर बाजाराला घालून जा.

आणि भीमगडाच्या बाजूला जायचे म्हणत असाल तर ते २०११ पासून अभयारण्य आहे. वनखात्याच्या परवानगीशिवाय आत जाऊ नका. गवे आणि अस्वले आहेत, आणि अस्वल पळून जाईलच असे नसते.

हुक्केरी : मोबाइलवर तळ्याचा फोटो पांढराफट्ट येतो.

पडद्यावर पाण्यावर बोट टेकवा आणि उजेडाची खूण खाली ओढा. जवळची फांदी किंवा दगड चौकटीत घ्या, नाहीतर पट्टी ती पट्टीच दिसते. भिंग सदऱ्याने पुसून घ्या. निम्मे धुके तिथेच असते.

येळ्ळूर : आम्हाला सकाळी जमत नाही, शेतात कापणी असते. दुपारी तीनला चढलो तर?

जवळचा डोंगर असेल तर चढा. नोव्हेंबरभर सूर्यास्त सहाच्या सुमारास होतो, आणि त्यानंतर वाट दिसण्याइतका उजेड वीस मिनिटे राहतो. म्हणजे पाय सव्वासहाच्या आत डांबरी रस्त्यावर लागले पाहिजेत. तिथून मागे मोजा: उतरायला तास, म्हणून सव्वापाचला माथा सोडायचा. सूर्यास्त बघून उतरू म्हटले तर शेवटची चाळीस मिनिटे अंधारात येणार. तसे करायचेच असेल तर डोक्याला लावायची बॅटरी प्रत्येकाकडे हवी, एकाकडे नाही. मोबाइलच्या उजेडाने एक हात अडकतो आणि नेमक्या फोनच्या वेळी बॅटरी संपते.

परतताना रस्त्यावर जास्त जपा. गळीत हंगाम सुरू असतो. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, बाजूने लोंबणारे ऊस, आणि मागे लाल दिवा किंवा चकाकती पट्टी असेलच याचा भरवसा नाही. दुचाकीचा वेग चाळीसच्या आत ठेवा, समोरच्या गाडीच्या दिव्याने डोळे दिपले तर वेग आणखी कमी करा. उभी ट्रॉली चालत्या ट्रॉलीपेक्षा धोक्याची, कारण ती नेमकी उतारावर किंवा वळणावर बंद पडलेली असते आणि मागे खूण म्हणून फक्त चार दगड मांडलेले असतात.